पाचशे वॅट, तपासले

रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय व्याहीसाहेब यांस,

सादर नमस्कार. आपला उजवा गुडघा आता निमूटपणे जिना चढू देतो की अजून पायरीपायरीला तक्रार नोंदवतो, ते अवश्य कळवावे. विहीणबाईंचा खोकला ओसरला असेल अशी आशा करतो. येथे आम्ही तिघेही ठणठणीत आहोत. चिरंजीवांची प्रकृती सर्वांत उत्तम आहे, कारण मी पुढे जे सांगणार आहे ते घडत असताना ते बोटीवर, समुद्राच्या मध्यभागी होते आणि त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी ढकलता येत नव्हती.

आता एक कोडे घालतो. आपल्याही पाहण्यात ते आले असेलच. संगणक दिवसदिवस निरुद्योगी चालू असतो. कोणी त्यावर पत्ते खेळते, कोणी जुने फोटो पाहत बसते. तेव्हा तो कधी बंद पडत नाही. परंतु वर्षाकाठी एखादे काम असे येते की त्यावर कोणाची तरी अब्रू टांगलेली असते, आणि पडदा काळा होतो तो नेमका तेव्हा. असे का? आमच्या सौ.चे मत असे की यंत्रांनाही आता माणसांसारखी वेळ साधता येऊ लागली आहे. मी पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले असल्यामुळे हे उत्तर मला मान्य नाही. खरे उत्तर मला सापडले आहे, आणि ते कसे सापडले हे सविस्तर कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. (आपली कन्या बुधवारी आठ दिवसांच्या विश्रांतीसाठी आपल्याकडे येत आहे. ती हीच हकिकत आपल्याला सांगेल, पण तिची हकिकत छोटी असेल. छोट्या हकिकतीत बारकावे गळतात, आणि या प्रकरणात माझी जी काही अब्रू शिल्लक आहे ती सगळी बारकाव्यांतच आहे.)

प्रथम पार्श्वभूमी. चार महिन्यांपूर्वी सूनबाईंनी आराखडे काढणाऱ्या कचेरीतली नोकरी सोडून आमच्या मागच्या खोलीत स्वतःचे काम सुरू केले. अद्याप न बांधलेल्या इमारतीतून आपण हिंडतो आहोत असा भास देणारी फीत ती संगणकावर तयार करते. निरोप देताना तिचे जुने साहेब हसत म्हणाले होते, "तुमची खुर्ची हलवत नाही मी. सहा महिन्यांत परत याल." हे तिने आम्हा कोणालाच सांगितले नाही. मात्र खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूस ते वाक्य पेन्सिलीने बारीक लिहून ठेवले होते. बिजागरीला तेल घालताना मी ते वाचले आणि वाचले नाही असे दाखवले. त्यानंतर पहिले मोठे काम आले ते लहान मुलांच्या रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे. चार मिनिटांची फीत (ती घडवायला संगणकाला सलग वीस-बावीस तास लागतात), शनिवारी दुपारी बाराच्या आत रुग्णालयाच्या समितीकडे पोहोचली पाहिजे. बारा वाजून एक मिनिटाने आलेली फीत उघडली जाणार नाही, असे त्यांच्या पत्रात ठळक अक्षरांत होते. म्हणजे प्रश्न नुसत्या फितीचा नव्हता. त्या खुर्चीचा होता.

एवढ्या जड कामासाठी तिने संगणकात नवे, दांडगे ग्राफिक्स कार्ड बसवले, आणि साहजिकच प्रश्न उभा राहिला की या सगळ्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय किती वॅटचा घ्यावा. (पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला पचेल अशी करून त्याच्या अवयवांना वाटून देणारी पत्र्याची पेटी. आपल्याला हे सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र विहीणबाईही वाचतील.) आपल्याला आठवत असेल, तेव्हा आपण दूरध्वनीवर एकच वाक्य बोललात: "साडेसहाशेचा घ्या." मी विचारले, "कशावरून?" आपण म्हणालात, "अंदाजानं." आणि गुडघा शेकायला निघून गेलात. व्याहीसाहेब, आपण अर्धे आयुष्य विजेच्या खांबांवर काढले आहे याचा मला आदर आहे; पण 'अंदाज' हा शब्द पस्तीस वर्षांत जेव्हा जेव्हा माझ्या वर्गातल्या फळ्यावर उमटला, तेव्हा तेव्हा मी तो ओल्या फडक्याने पुसला आहे. मी कागद घेतला.

गणित असे. प्रोसेसर भरात आला की दीडशे वॅट. ग्राफिक्स कार्ड दोनशे वीस. मदरबोर्ड, स्मृतीच्या पट्ट्या, डिस्का आणि पंखे मिळून साठ. एकूण चारशे तीस. (माझ्या पहिल्या कागदावर पडदा, छपाईयंत्र आणि टेबलावरचा दिवा धरून बेरीज आठशेच्या पुढे गेली होती. ही मंडळी आपापली वीज थेट भिंतीतून घेतात, त्यांचा या पेटीशी संबंध नाही, हे ध्यानात येताच मी तो कागद फाडला. सौ.नी तो जोडून ठेवला आहे, असे काल कळले.) चारशे तीसला पाचशे पुरेत, वर सत्तर वॅट सढळ हाताने सोडलेले. साडेसहाशे कशाला? ज्या घरात चहाही माणसे मोजून टाकला जातो, त्या घरात हे वॅट कोणासाठी शिल्लक ठेवायचे? आपला सल्ला मी आदरपूर्वक बाजूला ठेवला आणि माझ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या दुकानातून लाल खोक्यातला, वर तळहाताएवढे ५०० छापलेला पॉवर सप्लाय घेऊन आलो. विद्यार्थी म्हणाला, "सर, याच्यापेक्षा बरा दाखवू का?" मी म्हणालो, "बरा-वाईट हे विशेषण आहे. मला आकडा दाखव." त्याने बिचाऱ्याने आकडा दाखवला.

यानंतर मी जे केले ते आपण ओळखलेच असेल, कारण आपल्याकडे बारा दिवस राहून गेलो तेव्हा आपण माझी ही सवय पाहिली आहे. मी लेबल लावले. आमच्या घरात लेबलावाचून वस्तू नाही. पांढरा जाड कागद, काळी शाई, वस्तूचे नाव, माप, तारीख, 'तपासले' हा शब्द आणि त्याखाली माझी सही. छत्रीलाही आहे, आणि छत्रीच्या पिशवीलाही. पॉवर सप्लायच्या पेटीला सगळीकडे भोके, जाळ्या आणि पंखा. गुळगुळीत अशी एकच जागा होती. तेथे मी '५०० वॅट, तपासले' हे लेबल भरपूर डिंक लावून, कोपरे अंगठ्याने दाबून, पट्टी ठेवून सरळ चिकटवले. पेटी जागेवर बसवली. संगणक सुरू झाला. मी चहा मागितला आणि तो लगेच मिळाला. या प्रकरणातला तो शेवटचा बिनशर्त चहा.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी फीत तयार करण्याची आज्ञा दिली आणि तिसऱ्या मिनिटाला पडदा काळा झाला. पुन्हा दिली, पुन्हा काळा. पत्र लिहा, चित्रे पाहा, गाणी ऐका, तो गुणी बाळासारखा चाले. फितीचे नाव काढले की मान टाके. शनिवारला नऊ दिवस होते. मी सूनबाईंना म्हणालो, घाबरू नकोस, आपण पद्धतशीर जाऊ. (तिच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली ती मला वाटते याच वाक्यानंतर दिसली.)

पहिला संशय धुळीवर. एक पूर्ण दिवस मी रंगाच्या ब्रशने संगणकाचे अंतरंग झाडले. नवी कोरी पेटी आणि नवे कार्ड यांतून जी धूळ निघाली ती सर्व माझ्या ब्रशची होती. दुसरा संशय उष्णतेवर. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला आणि कार्डाच्या वर घरातला ताप मोजायचा थर्मामीटर धरून बसलो. त्यात एकशे आठच्या पुढे आकडेच नाहीत, त्यामुळे कार्डाला ताप आहे एवढेच सिद्ध झाले. तिसरा संशय घरातल्या विजेवर. एकाच वेळी फार उपकरणे चालू असल्याने दाब खचत असावा असे मानून मी फीत सुरू होताच फ्रीज, पाण्याचा पंप आणि वॉशिंग मशीन यांची बटणे फटाफट बंद केली. संगणक तरीही बंद पडला. वॉशिंग मशीनचे दार मात्र सुरक्षेसाठी आतून कुलूपबंद होऊन बसले आणि सौ. खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुमचं शास्त्र होईपर्यंत माझ्या चादरी बुडून मेल्यात आत," त्या म्हणाल्या. "आणि फ्रीजमधलं दूध कोण पिणार आहे, न्यूटन?"

त्यानंतर मी माझे ब्रह्मास्त्र काढले. भिंत आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक आणला. संगणक निवांत असताना सत्तर वॅट. फीत सुरू झाली की आकडा चढत चढत दोनशे नव्वदच्या आसपास जाई, आणि काळोख. सतरा वेळा प्रयोग केला, सतराही वेळा तेच. आलेखपत्रावर त्याचा इतका देखणा आलेख उतरला की मी तो वहीत न ठेवता भिंतीवर लावला. निष्कर्ष स्वच्छ होता: मागणी दोनशे नव्वद, क्षमता पाचशे, अर्थात पॉवर सप्लाय निर्दोष. तसे मी सूनबाईंना समजावूनही दिले. तिने आलेख शांतपणे पाहिला. "बाबा," ती म्हणाली, "आलेख फार छान आहे. पण समितीला फीत पाठवायचीये. हा पाठवला तर चालेल का विचारू?" एवढ्यात फोन वाजला. जुने साहेब होते. सहज चौकशीला केला होता म्हणे. ती त्यांच्याशी अगदी हसून बोलली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ दाराच्या आतल्या बाजूकडे पाहत बसली, आणि मला, व्याहीसाहेब, त्या क्षणी माझा आलेख भिंतीवरून काढून टाकावासा वाटला.

शुक्रवार उजाडला. सकाळी नऊ वाजता आपल्या कन्येने कॅबिनेट आडवे पाडले, चार स्क्रू काढले, पॉवर सप्लाय बाहेर ओढला आणि मोबाईलचा टॉर्च पेटवून त्याला उलटासुलटा करून पाहिले.

"बाबा, कंपनीचं लेबल कुठाय?"

"हे काय. पाचशे वॅट, तपासले. खाली तारीख आहे."

"हे तुमचं अक्षर आहे."

"म्हणून तर वाचता येतंय."

"तपासले म्हणजे काय तपासलं होतं?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "खोक्यावर पाचशे लिहिलंय," मी म्हणालो, "ते पाचशेच लिहिलंय ना, ते तपासलं."

तिने सौ.चे केस वाळवायचे यंत्र आणून माझ्या लेबलावर गरम हवा सोडली आणि नखाने कोपरा उचलला. (डिंक उत्तम होता. हे मी नमूद करू इच्छितो.) खाली, पेटीच्या त्या एकमेव गुळगुळीत जागेवर, कंपनीचा बारीक अक्षरांचा तक्ता होता. गुळगुळीत जागा त्या तक्त्यासाठीच ठेवलेली असते, हे मला त्या दिवशी कळले.

"बारा व्होल्ट," ती वाचू लागली, "अठरा अँपिअर. बारा गुणिले अठरा?"

"दोनशे सोळा!" मी वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

दारातून सौ. म्हणाल्या, "तीन हजार पोरांना लेबल वाचायला शिकवलंत, आणि घरातल्या लेबलावर स्वतःचंच डकवलंत."

आता त्या कोड्याचे उत्तर. पॉवर सप्लायला एक सभागृह समजा आणि वॅटना खुर्च्या. सभागृहात खुर्च्या जास्त असल्या म्हणून माणसे जास्त येत नाहीत. साडेसहाशेची पेटी साडेसहाशे वॅट खात नाही, पाहुणे जितके तितकीच वीज खर्च होते. (पंप मोठा तर बिल मोठे, ही माझी भीती येथे गैरलागू होती.) परंतु संगणकातले दोन मोठे पाहुणे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, हे बारा व्होल्टच्या दालनातच बसतात. आमच्या लाल खोक्याने पाचशे खुर्च्या मोजल्या होत्या खऱ्या, पण त्यांतल्या दालनात दोनशे सोळाच. उरलेल्या मागच्या आवारात, कमी व्होल्टच्या तारांवर, जेथे आजकाल कोणी फिरकत नाही. दोघा पाहुण्यांना लागत होत्या तीनशे सत्तर. संगणक निवांत असताना दालन रिकामे असते, म्हणून तो पत्ते खेळताना कधी बंद पडत नाही. खरे काम आले की सगळे निमंत्रित एकदम दारात येतात, आणि व्यवस्थापक दिवे घालवून निघून जातो. माझा वीजमापकही खोटे बोलत नव्हता. भिंतीतून घेतलेल्या दोनशे नव्वदांतले साठ-सत्तर वॅट पेटीतच उष्णता होऊन जात होते आणि पलीकडे पोहोचत होते ते सुमारे सव्वादोनशे, म्हणजे पेटीच्या ताकदीची शेवटची पायरी. सतरा वेळा पुरावा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि सतरा वेळा मी त्याला माझी सही दाखवून परत पाठवले.

आणि आपले साडेसहाशे. निमंत्रित चारशे तीस असले तरी ग्राफिक्स कार्ड हा असा पाहुणा आहे की तो क्षणभरासाठी आपले गणगोत घेऊन आत शिरतो. डोळा लवतो न लवतो तोच मागणी दीडपट-दुप्पट होऊन खाली येते. शिवाय पेटी काठोकाठ भरून चालवली तर तापते, पंखा ओरडतो आणि आयुष्य घटते. निम्म्याहून थोड्या अधिक भारावर ती सुखाने चालते. म्हणून चारशे तीसमध्ये तीस टक्के मिळवायचे, झाले पाचशे एकोणसाठ. बाजारात त्याच्या वरचे सोयीचे माप, साडेसहाशे. आपला अंदाज आणि माझे गणित शेवटी एकाच ठिकाणी भेटले. आपण तेथे गुडघा शेकायला उठता उठता पोहोचलात, मला थोडा वेळ लागला.

दुकानदार विद्यार्थी पेटी परत घेईना. कारण कंपनीचे लेबल फाटले आहे हे नव्हे. ती उलटीसुलटी करून तो नम्रपणे म्हणाला, "सर, घेतली असती. पण हिच्यावर 'तपासले' असं लिहून तुमची सही आहे. मी कंपनीला काय सांगू?" अर्धे लेबल निघाले नव्हते, नेमके सहीचे. मग त्याने दुसरी पेटी पुढे ठेवली आणि मी, दुकानातच, चष्मा लावून, तक्ता वाचला. बारा व्होल्ट, चौपन्न अँपिअर. सहाशे अठ्ठेचाळीस. "आता बरा की वाईट?" त्याने विचारले. मी म्हणालो, "बरा."

शुक्रवारी दुपारी दोनला फीत सुरू झाली. तिसरे मिनिट आले तेव्हा खोलीत सूनबाई आणि मी पडद्यासमोर उभे होतो, सौ. तर स्वयंपाकघरात फ्रीजच्या बटणावर हात ठेवून होत्या, मी तिकडे जाऊ नये म्हणून. तिसरे मिनिट गेले. चौथे गेले. शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी फीत पूर्ण झाली, अकरा-चाळीसला पाठवली, आणि अकरा-पन्नासला समितीचे एका शब्दाचे उत्तर आले: 'मिळाली.' सूनबाईंनी खोडरबर घेतले आणि दाराच्या आतली बाजू पुसली. मी बिजागरीला तेल घालत होतो. काही पाहिले नाही.

मग तिने माझ्या खणातून पांढरा कागद आणि काळी शाई मागितली. नव्या पेटीवर आता तिच्या अक्षरात लेबल आहे: '६५० वॅट. १२ × ५४ = ६४८. तपासले.' ते कंपनीच्या लेबलाच्या शेजारी लावले आहे, वर नव्हे. थोडे तिरके लागले आहे, पण मी काही बोललो नाही.

विहीणबाईंना आमचा दोघांचा नमस्कार. आपल्या गुडघ्याला आराम पडो.

आपला स्नेहांकित,
व्याही (या प्रकरणापुरता विद्यार्थी)

ता.क. सौ.नी पत्र वाचले. त्यांचे म्हणणे, यात बारकावे आहेत पण 'चूक माझी' हे दोन शब्द नाहीत. चूक माझी.

दुसरा ता.क. आता जे लिहायला बसलो होतो ते. आपल्याकडच्या त्या बारा दिवसांत मी आपल्या घरात एकतीस लेबले लावली होती. सर्वांवर 'तपासले' आहे. काल रात्री जेवताना मी एकेक आठवू लागलो. न्हाणीघरातला गीझर, पाण्याचा पंप, मुख्य स्विचची पेटी आणि स्वयंपाकघरातला लांब वायरचा बोर्ड, या चारही ठिकाणी मी गुळगुळीत जागा पाहूनच लेबल लावले होते. मी तेथे काय तपासले होते ते मला प्रामाणिकपणे आठवत नाही. ते सरळ लागले आहे एवढे नक्की तपासले होते. तरी कृपा करून, हे पत्र मिळताच, मेन बंद करून, चारही लेबले काढावीत. आपली कन्या बुधवारी केस वाळवायचे यंत्र घेऊन येते आहे. ते कशासाठी, हे तिने अजून मला सांगितलेले नाही, पण तिच्या हातात एकतीस नावांची यादी मी पाहिली.

तिसरा ता.क. आपल्या घरातल्या जुन्या संगणकापुरती एक सोपी परीक्षा आपणही करून पाहा. तो बंद करा, प्लग काढा, बाजूचे झाकण उघडा आणि टॉर्च घेऊन पॉवर सप्लायवरचा तक्ता शोधा. त्यात बारा व्होल्टखाली जो अँपिअरचा आकडा असेल त्याला बाराने गुणा. (दोन रकाने असले तर शेजारी त्यांची एकत्रित वॅटमर्यादा दिलेली असते, ती धरा.) उत्तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याच्या आसपास आले, तर पेटी प्रामाणिक. निम्मे आले, तर मला कळवू नका, बदलून टाका. आणि तक्ता सापडलाच नाही, त्या जागी सुवाच्य काळ्या अक्षरांतला पांढरा कागद दिसला, तर तो आधी सोलून काढा.